खुर्चीला मान आपोआप द्यायचा का, की तो कमवावा लागतो? (लांब आहे, पण वाचा)

येळ्ळूररोड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. घरात आठवडाभर एकाच गोष्टीवर वाद चाललाय म्हणून इथं टाकतोय, इथं बेळगाव खानापूर निपाणी चिकोडी सगळीकडची आणि सगळ्या वयाची माणसं आहेत, मोकळेपणानं बोला.

वारसा नोंदीसाठी बाबा आणि मी तालुक्याच्या एका ऑफिसात गेलेलो. बाबा सत्तरीच्या पुढचे. टेबलावरचा माणूस माझ्याहून लहान असेल, त्यानं बाबांना बसा म्हटलं नाही, मान वर केली नाही, कागद परत सरकवला आणि 'नाळे बा' (कन्नडमध्ये 'उद्या ये') म्हणाला, तेही असं एकेरीत. बाबा हात जोडूनच उभे. मी आवाज चढवला तर बाबांनीच दंडाला धरून मला बाहेर आणलं. म्हणाले माणूस कसा का असेना, खुर्चीला मान द्यायचाच, आमच्या वडिलांनी तेच केलं म्हणून आमची कामं झाली.

मला हे पटत नाही. नमस्कार, अहो-जाहो, नीट शब्दात बोलणं हे सगळ्यांनाच, चहा आणून देणाऱ्या पोरालाही. त्याच्या पुढचं जे असतं, म्हणजे हात जोडून उभं राहणं, प्रश्न न विचारणं, चुकीचं दिसलं तरी होय होय करणं, ते नुसती खुर्ची मिळाली म्हणून कुणाला का द्यायचं? उलट ज्याच्या हातात अधिकार आहे त्यानंच आधी नीट वागायला पाहिजे, कारण मी उद्धट वागलो तर त्याचं काही अडत नाही, तो उद्धट वागला की माझी नोंद अडते.

तुमचं काय मत?

मास्तर_चिकोडी

येळ्ळूररोड, तुझा राग बरोबर आहे पण तू दोन गोष्टी एकात मिसळल्यास. मी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं. नवीन मास्तर वर्गात आला की पोरं पहिल्याच दिवशी उभी राहतात, त्याला काही येतं की नाही हे त्यांना कुठं माहीत असतं? तो मान म्हणजे दुकानदारानं दिलेली उधारी आहे. ती मिळाली नाही तर मास्तर पहिलं वाक्यसुद्धा बोलू शकणार नाही, चाळीस पोरांनी आधी सिद्ध करा मग ऐकतो म्हटलं तर वर्ग चालेल का? तसंच हवालदाराचं, कंडक्टरचं, तलाठ्याचं. सुरुवातीला थोडा मान फुकट द्यावाच लागतो, नाहीतर गाडा हलत नाही.

पण उधारी फेडायची असते हे मलाही मान्य. जो मास्तर वर्षभर पाट्या टाकतो, पोरांना मारतो (२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं मारायला बंदी आहे, तरी मारणारे आहेत) त्याला पुढच्या वर्षी पोरं उभी राहतात ती भीतीनं, आणि हे पोरांच्या डोळ्यात दिसतं.

अनगोळचा_पोरगा

मास्तर तुमचं बरोबर आहे पण ऑफिसातल्या साहेबाला आपण पहिल्या दिवशी उधारी देऊलोय असं नाही हो, तिसऱ्या पिढीत देऊलोय. आजोबा पण हात जोडून, बाबा पण हात जोडून. फेडणार कवा?

कॅम्पातला

मी मराठा लाईट इन्फंट्रीतून रिटायर. लोकांना वाटतं फौजेत डोळे झाकून मान देतात, म्हणून लिहितोय.

सॅल्यूट रँकला असतो हे खरं. अधिकाऱ्याकडं राष्ट्रपतींचं कमिशन (नेमणुकीची सनद) असतं, त्याला तो सॅल्यूट. कालच आलेला बावीस वर्षांचा लेफ्टनंट असला तरी वीस वर्षं नोकरी झालेला सुभेदार त्याला सॅल्यूट मारतो आणि त्यात कमीपणा नाही. पण सॅल्यूटला सॅल्यूटनं उत्तर द्यावंच लागतं, हे सिव्हिलमधले लोक विसरतात. मान एकाच दिशेनं जात नाही. डेहराडूनच्या अकॅडमीत चेटवूड हॉलमध्ये कोरून ठेवलंय, पहिल्यांदा देशाची सुरक्षा आणि मान, मग तुझ्या हाताखालच्या जवानांचं कल्याण, आणि तुझा स्वतःचा आराम सगळ्यात शेवटी, नेहमी आणि प्रत्येक वेळी. बडा खान्याला (पलटणीच्या एकत्र जेवणाला) अधिकारी जवानांना वाढतात.

आणि हुकूम. आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम ४१ मध्ये हुकूम न पाळल्याची शिक्षा आहे, पण तिथं शब्द कायदेशीर हुकूम असा आहे. म्हणजे फौजेतसुद्धा, जिथं हुकूम मोडला तर कोर्ट मार्शल होतं, तिथंसुद्धा हुकमाला मर्यादा आहे. मग तालुक्याच्या क्लार्कला अमर्याद मान कुठून आला?

आपल्या भागात घरटी एक फौजी असलेली गावं आहेत. अशा घरातली माणसं ऑफिसात गेल्यावर ताठ उभी राहून, साहेब म्हणून, स्पष्ट बोलतात. साहेब म्हणणं आणि वाकणं यात फरक आहे तो त्यांना माहीत असतो.

येळ्ळूररोड

कॅम्पातला काका, मनापासून धन्यवाद. बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले फौजेतल्या साहेबाला जवानाचा जीव सांभाळायचा असतो, क्लार्कला आपलं काय पडलंय. यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं पण मला वाटतं हा माझ्याच बाजूचा मुद्दा आहे.

वकीलकाका_खानापूर

थोडा इतिहास सांगतो, त्याशिवाय हा हात जोडणं प्रकार समजणार नाही.

आपल्या गावात मान वंशानं मिळायचा. पाटीलकी बापाकडून पोराकडं, कुलकर्णीपण तसंच. गावकीची ती वंशपरंपरेची पदं १९६१ च्या कायद्यानं संपली (त्याच्या आधी पाचच वर्षं, १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलेलो). पद गेलं, दप्तर सरकारी पगारी माणसाकडं गेलं, पण लोकांच्या पाठीची सवय गेली नाही, पाटलासमोर वाकणारी पाठ तलाठ्यासमोर वाकायला लागली. नंतर कूळकायदा. १ मार्च १९७४ पासून इथं कसणाऱ्याची जमीन झाली, पण त्यासाठी कुळानं स्वतः फॉर्म नंबर ७ भरून ट्रिब्युनलकडं अर्ज द्यायचा होता. आता विचार करा, ज्याच्या वाड्याच्या पायरीवर आयुष्यभर चप्पल काढून उभं राहिलो त्याच्या विरोधात अर्ज द्यायचा. आमच्या भागातली कितीतरी कुळं मालकाच्या मानमर्यादेपायी अर्ज द्यायला गेलीच नाहीत आणि जमिनीला मुकली. मी लहानपणापासून अशा घरातली माणसं बघितलीत. आजही त्यांची पोरं विचारतात, काका आता काही करता येईल का. मान आपोआप दिला तर काय बिघडतं असं विचारणाऱ्याला मी हे सांगतो. एकरांच्या हिशोबात बिघडतं.

आता उलटं उदाहरण. २००० च्या सुमाराला कर्नाटकात भूमी योजना आली, उतारे कॉम्प्युटरवर गेले, तालुक्याच्या खिडकीवर १५ रुपयात पहाणी (उतारा) मिळायला लागली. त्याच्या आधी उताऱ्याचं दप्तर तलाठ्याच्या कपाटात, तो भेटेल तेव्हा, देईल तेव्हा, आणि हातावर काही ठेवलं तर. पिकाचं कर्ज काढायचं तरी त्याच्याकडं, कोर्टात जायचं तरी त्याच्याकडं. त्या काळात तलाठी रस्त्यानं चालला की कट्ट्यावरची माणसं उठून उभी राहायची. खिडकी सुरू झाली आणि हे उठणं कमी झालं, काही वर्षात बंदच पडलं. माणसं तीच, खुर्ची तीच, संस्कारही तेच. फक्त कागद दुसरीकडं मिळायला लागला. आता मला सांगा, तो मान होता की अडलेलं काम होतं?

पण सगळ्यांचं उठणं बंद झालं नाही. एक तलाठी होते, १९९० च्या दशकातले, पावसाळ्यात घर पडलं की पंचनाम्याला स्वतः चिखलातून यायचे, बाईमाणसाला ऑफिसला खेपा घालायला लावायचे नाहीत. ते रिटायर होऊन जमाना झाला, अजून बाजारात दिसले की लोक रिक्षा थांबवून विचारतात कुठं सोडू काका.

शांतपणे_बोला

या धाग्यात हळूहळू कन्नड विरुद्ध मराठी सुरू होणार असं दिसतंय म्हणून आधीच लिहितो. माझा जोडीदार (धंद्यातला) बैलहोंगलचा, घरात कन्नड, त्याच्या वडिलांनाही असंच 'नाळे बा' ऐकावं लागतं. भाषा येत असूनही. आपल्याला भाषा येत नाही म्हणून दुप्पट त्रास होतो हे खरंच, कागदावर काय लिहिलंय ते कळत नाही, सही कशावर करतोय ते कळत नाही आणि मग घाबरून आणखी वाकतो. पण खुर्चीचा माज भाषा बघून येत नाही, समोरचा गरीब आहे का, एकटा आहे का, शिकलेला नाही का, हे बघून येतो. त्या दोघा म्हाताऱ्यांना एका बाकावर बसवा, दोघांचं दुःख एकच निघेल.

निपाणीकर

शांतपणे यांच्याशी सहमत आणि माझ्या गावचं सांगतो.

निपाणी म्हणजे तंबाखू आणि बिडी. आमची आई बिड्या वळायची. संध्याकाळी माल द्यायला गेलं की माल घेणारा एकेक कट्टा हातात घेऊन बघायचा आणि खराब म्हणून बाजूला टाकायचा, त्या बिड्यांचे पैसे नाहीत आणि बिड्याही परत नाहीत. सगळ्या बायका त्याला साहेब म्हणायच्या. आईच्या बोटांना तंबाखूचा वास असायचा आणि त्या बोटांनी ती त्याला नमस्कार करायची, मी हे रोज बघितलंय. तो कुठल्या सरकारचा साहेब होता? कुणाचाच नाही. आमचं पोट त्याच्या हातात होतं एवढंच. युनियन आली, बायका एकत्र बसायला लागल्या, १९६६ चा बिडी कामगार कायदा कुणीतरी मराठीत समजावून सांगितला, तेव्हा पहिल्यांदा एका बाईनं विचारलं की ही बिडी खराब कशी ते दाखवा. मोठ्यानं नाही, शांतपणे विचारलं. त्यानं दाखवली नाही आणि बाजूलाही टाकली नाही.

१९८१ ला तंबाखूच्या शेतकऱ्यांचं आंदोलन झालं शरद जोशींच्या नेतृत्वाखाली, हायवेवर शेतकरी बसले, गोळीबार झाला, माणसं मेली. त्याच्या आधी वखारीत व्यापारी सांगेल तो भाव, शेतकरी खाली मान घालून. त्यानंतर व्यापाऱ्याला शेठ म्हणणं चालूच राहिलं पण भाव विचारायची हिंमत आली. मला वाटतं येळ्ळूररोडच्या बाबांनी साहेब म्हणावं, खुशाल म्हणावं, फक्त सोबत विचारावं की काम कुठं अडलंय.

वडगावची_सिस्टर

मी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे (कुठलं ते सांगत नाही). आमच्याकडं हा विषय जीवावरचा आहे.

डॉक्टरांचा मान आम्हाला ट्रेनिंगपासून शिकवतात, राऊंडला आले की उभं राहा, मध्ये बोलू नका. चांगलंच आहे. पण एकदा एका पेशंटच्या केसपेपरवर डोस लिहिलेला होता तो मला जास्त वाटला, मी विचारलं, तर सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली, तू डॉक्टर आहेस का वगैरे. अर्ध्या तासानं गुपचूप डोस बदलून आला. मला शाबासकी नको होती. पण त्यानंतर नवीन आलेल्या दोन पोरी विचारायच्याच बंद झाल्या, ह्याचं मला फार वाईट वाटतं, कारण पुढच्या वेळी चूक दिसली तरी त्या गप्प बसणार.

मंगळूरचा विमान अपघात आठवतो का, २२ मे २०१०, दुबईहून येणारं विमान, १६६ पैकी १५८ माणसं गेली. चौकशीत आलं की को-पायलटनं कॅप्टनला उतरू नका, परत वर घ्या असं तीन वेळा सांगितलेलं. तीन वेळा! कॅप्टननं ऐकलं नाही आणि को-पायलटनं कंट्रोल स्वतःच्या हातात घेतला नाही. मी नर्स म्हणून ते वाचलं तेव्हा मला ते कॉकपिट आमच्या वॉर्डसारखंच वाटलं. मोठ्याच्या हातातलं काढून घेणं माणसाला किती जड जातं बघा, समोर धोका दिसत असतानासुद्धा.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, ज्याच्या चुकीनं माणूस मरू शकतो त्याला तर आपोआप मान अजिबात देऊ नये. त्याच्या ज्ञानाला द्यावा, आणि तोही विचारायची सोय ठेवून.

मास्तर_चिकोडी

सिस्टर, तुमचं वाचून मी थोडा वेळ गप्प बसलो. तरी एक सांगतो, सगळ्यांनी सगळ्यांना सतत प्रश्न विचारत बसलं तर वॉर्ड चालेल का? ऑपरेशनच्या मध्ये चर्चा कोण करणार?

वडगावची_सिस्टर

मास्तर, ऑपरेशनच्या मध्ये नाही, पण सुरू करायच्या आधी करतात. पेशंट कोण, ऑपरेशन कसलं, कुठल्या बाजूचं, हे सगळ्यांनी थांबून मोठ्यानं बोलायचं, नर्ससकट, अशी जागतिक आरोग्य संघटनेची चेकलिस्ट २००८ पासून आहे. सर्जनचा मान त्यानं कमी झाला नाही. उलट जे सर्जन स्वतःहून विचारतात सिस्टर काही राहिलं का, त्यांच्यासाठी आम्ही ड्युटी संपल्यावरही थांबतो.

मलप्रभा

सगळ्यांचं वाचलं. खुर्चीला मान आपोआप मिळतो हे तुम्ही सगळे धरूनच चाललाय, बाजूनं बोलणारे पण आणि विरोधात बोलणारे पण. मी खानापूर तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीची अध्यक्षा होते. मला तर मिळाला नाही बाई.

खुर्ची तीच होती. माझ्या आधीचे अध्यक्ष आत आले की पंचायतीत सगळे उभे राहायचे, मी आले की कुणी तरी म्हणायचं वैनी या, तिकडं बसा, आणि तिकडं म्हणजे भिंतीकडची प्लास्टिकची खुर्ची. ऑफिसातले लोक सहीचे कागद माझ्या घरी माझ्या मिस्टरांकडं पाठवायचे. गावात अध्यक्ष म्हणून हाक मारली की लोक त्यांच्याकडं बघायचे. आमच्याच पंचायतीत मागासवर्गीय वॉर्डातून आलेल्या एक अक्का होत्या, त्यांना तर चहाचा कप सुद्धा वेगळा यायचा, त्या चहा पीतच नव्हत्या, मला नको म्हणायच्या. कायद्यानं आम्हाला सगळं दिलंय. कर्नाटकात १९८७ च्या निवडणुकीतच बायकांना पंचवीस टक्के जागा होत्या, तेव्हा देशात तेहतीस टक्क्यांची घटनादुरुस्ती पण झाली नव्हती, आता पन्नास टक्के आहेत. जागा कायद्यानं मिळते. पण खुर्चीला मान, खुर्चीला मान म्हणणारे आधी खुर्चीवर कोण बसलंय ते बघतात, मग ठरवतात.

म्हणून कुणी म्हटलं ना की अधिकाराला मान द्यायचा ही आपली संस्कृती आहे, तर मी विचारते, कुणाच्या अधिकाराला?

मला मान मिळाला तो उद्योग खात्रीच्या (रोजगार हमीच्या) कामावरनं. मस्टरमध्ये (हजेरीपटात) गडबड होती, कामावर न आलेल्यांची नावं. मी सही करणार नाही म्हटलं. मिस्टरांनी पण समजावलं कशाला वाकडं घेतेस. मी ग्रामसभेत मस्टर मोठ्यानं वाचून दाखवलं, एकेक नाव, आणि विचारलं हा कामावर होता का. लोकच बोलले. त्या दिवसानंतर कागद घरी येणं बंद झालं.

अनगोळचा_पोरगा

अक्का, मानलं तुम्हाला. यापेक्षा जास्त काय लिहू.

कॅम्पातला

मलप्रभा ताई, जय हिंद.

येळ्ळूररोड

ताई, तुमचा मुद्दा माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. म्हणजे मी म्हणत होतो आपोआप मान देऊ नये, आणि तुमच्या बाबतीत तर निदान खुर्चीपुरता तरी द्यायलाच पाहिजे होता. मग मास्तरांची उधारी सगळ्यांना सारखी हवी, असं म्हणावं लागेल. मास्तर, यावर तुम्ही बोला.

मास्तर_चिकोडी

तेच म्हणतो. वर्गात पोरं सगळ्या मास्तरांना उभी राहतात, बाई असोत की सर, कुठल्या जातीचे असोत. तिथं घरचा भेदभाव आणला की मी रागवायचो. उधारी द्यायची तर सगळ्यांना सारखी, आणि वसुली पण सगळ्यांकडून सारखी. मलप्रभाताईंना उधारी दिलीच नाही, थेट रोख मागितली, आणि त्यांनी दिली. हा त्यांचा मोठेपणा, गावाचा नाही.

शांतपणे_बोला

वकीलकाका, येळ्ळूररोडच्या वारसा नोंदीचं आता करायचं काय? चर्चा झाली, पण काम तसंच पडलंय.

वकीलकाका_खानापूर

करायचं असं. तोंडी जायचं नाही, अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायचीच. काम सकाल कायद्यात (सरकारी कामं ठरल्या मुदतीत करून द्यायचा कर्नाटकाचा २०११ चा कायदा) बसत असेल तर अर्ज घेताना नंबर देतात, मुदत ठरलेली असते, मुदत टळली तर दिवसाला वीस रुपये, जास्तीत जास्त पाचशे, भरपाई मागता येते, आणि ती उशीर करणाऱ्याच्या खिशातनं वसूल करायची तरतूद आहे. रक्कम चिल्लर आहे पण नाव रेकॉर्डवर येतं, ते त्यांना लागतं. तरी हललं नाही तर माहिती अधिकारात विचारायचं, माझ्या अर्जावर आजपर्यंत कुणी काय कारवाई केली, तीस दिवसात उत्तर द्यावं लागतं.

आणि भाषेचं. घटनेचा अनुच्छेद ३५० वाचा. गाऱ्हाणं दूर करण्यासाठीचं निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मराठीत लिहा, सोबत कन्नड भाषांतर जोडता आलं तर काम लवकर होतं म्हणून जोडा, भीतीनं नको. भाषांतर मी करून देतो, पैसे नकोत.

बाबांना बरोबर घेऊन जा. टेबलासमोर खुर्ची असली तर त्यांना बसायला सांग, कुणी म्हणायची वाट बघू नका. साहेबांना नमस्कार करा, नाव विचारा, पोचेवर तारीख आणि शिक्का बघून घ्या.

येळ्ळूररोड

काका, सोमवारी अर्ज घेऊन तुमच्याकडं येतो. बाबा पण येतो म्हणालेत, त्यांना त्या चिखलातनं येणाऱ्या तलाठ्यांचं नाव विचारायचंय, त्यांना वाटतंय ओळखीचे आहेत.